बीपी असलेल्या बायकांनी व्यायाम करायचा म्हणजे नेमका काय करायचा?

अंगणातली_जाई

मंडळी, आरोग्य विभागातले जुने धागे चाळले. बीपीवरचा प्रत्येक धागा एकतर गोळ्यांवर घसरलाय नाहीतर लसणावर. म्हणून नवीन काढतेय.

वय ५३, राहायला डोंबिवली, बँकेत नोकरी, पाळी जाऊन दोनेक वर्षं झाली. दिवाळीआधी ऑफिसच्या तपासणीत बीपी १५८/९६ निघालं. डॉक्टरांनी आठवडाभर घरी मोजायला लावलं, तेही १४५-१५० च्या घरातच. मग टेल्मिसार्टन ४० सुरू झाली. आता १३२-१३६ / ८४ च्या आसपास असतं. डॉक्टर म्हणाले, "गोळी चुकवू नका, मीठ कमी करा, व्यायाम करा." एवढ्यात पुढचा पेशंट आत आला.

तर व्यायाम म्हणजे काय? चालायचं तर किती, कुठल्या वेगाने? आमच्या सोसायटीतल्या एक बाई सांगतात, बीपीवाल्यांनी वजनं अजिबात उचलायची नाहीत. जिमवाला म्हणतो, उचलाच. परवा लिफ्ट बंद होती, चार मजले चढून आले आणि दार उघडल्या उघडल्या मशीन लावलं तर १७४! हातपायच गळाले. तेव्हापासून जिना दिसला की धडकी भरते.

आणि एक मनातलं. मला बीपीचा त्रास असा काहीच नव्हता. त्रास सुरू झाला आकडा कळल्यावर. दिवसातून पाच-सहा वेळा मोजते. लग्नाच्या पंगतीत पापड ताटात पडला की अपराधी वाटतं. रात्री जाग आली की डोकं दुखतंय का ते आधी तपासते. आकडा सुधारलाय, मी नाही सुधारले. असं कुणाचं होतं का?

थोडं_थांबा

वाचतेय. मलाही हेच विचारायचं होतं. वय ४४, वर थायरॉइड.

फिजिओ_पुण्याची

जाईताई, आधी त्या १७४ ची भीती काढून टाकू.

चार मजले चढताना मांड्यांना, पोटऱ्यांना भरपूर रक्त लागतं, हृदय जोरात पंप करतं, वरचा आकडा चढतो. चढायलाच हवा. बीपी नसलेल्या धडधाकट बाईचाही चढतो, फक्त ती दार उघडून चहा टाकते, मशीन लावत नाही. खालचा आकडा त्या वेळी फारसा हलत नाही. मशीनवरचा आकडा बघून औषध ठरतं ते निवांत बसल्यावरच्या बीपीवरून, धापा टाकतानाच्या नाही.

मोजायची पद्धत: व्यायाम, चहा-कॉफी यानंतर निदान अर्धा तास जाऊ द्यायचा. लघवीला जाऊन यायचं (भरल्या मूत्राशयाने आकडा वाढतो, हे कुणी सांगत नाही). पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, मांडी घालून नाही, पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला, आणि ब्लाउजच्या घट्ट बाहीवरून नाही. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागवा, लहान पट्ट्याने आकडा फुगून येतो.

आणि दिवसातून सहा वेळा कशासाठी? डॉक्टरांना दाखवायला जायच्या आधी आठवडाभर सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून उरलेल्यांची सरासरी. एरवी मशीन कपाटात. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ च्या खाली असेल तर तुमचं ठीक चाललंय. तुम्ही उंबरठ्यावर आहात, म्हणजे व्यायामाने फरक दिसायला जागा आहे.

एडिसनकर

भर घालतो. आमच्याकडे अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० ला रेघ मारलीय, भारतात बहुतेक डॉक्टर दवाखान्यातल्या १४०/९० वर धरतात. त्यामुळे इथल्या नणंदेने तिथल्या वहिनीला फोनवर "अगं तुझं हाय आहे" असं घाबरवू नये. आमच्या घरात हा प्रकार घडून गेलाय :)

रोखठोक

एवढं काय त्यात? आमच्या आज्या कुठे वॉकला जात होत्या? दळण, पाणी, धुणं, सारवण. सुनांनी मिक्सर आणि वॉशिंग मशीन बंद करून बघावं, बीपी पळून जाईल.

मोगरा_आणि_मिरची

रोखठोक काका, तुमच्या आजीचं बीपी कुणी मोजलं होतं का?

गणिताच्या_बाई

+१००. माझी आजी पन्नाशीत एके दिवशी चुलीपाशी कोसळली आणि गेली. घरात सांगतात "वारं गेलं". आता कळतं ते काय असणार.

फिजिओ_पुण्याची

घरकामाचा मुद्दा मात्र टाकून देण्यासारखा नाही. फरशी जोर लावून पुसताना श्वास वाढतो, ते शरीराच्या हिशेबात धरलं जातं. आधी म्हणायचे सलग दहा मिनिटं झाली तरच मोजा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या सूचनांमध्ये ती अट काढली. आता पाच मिनिटं जिना, सात मिनिटं झाडू, सगळं जमेत.

पण ओट्यापाशी तीन तास उभं राहणं म्हणजे व्यायाम नाही, ती नुसती दमणूक. पाय सुजतात, कंबर धरते, हृदयाला काही मिळत नाही. ओळखायची खूण: करताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर वेग कमी पडतोय. वाक्यही पुरं होत नसेल तर जास्त झालं.

असं आठवड्यात १५० मिनिटं, जमलं तर ३०० पर्यंत, आणि दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम. बीपी असलेल्यांत नियमित चालण्या-पोहण्या-सायकलने वरचा आकडा साधारण ५ ते ८ नी उतरतो. एवढंच? असं वाटेल. पण एखादी सौम्य गोळी साधारण इतकंच काम करते.

माणदेशी_लेक

मी आशा सेविका आहे, सातारा जिल्ह्यात. रोज घरोघर फिरते म्हणून लिहिते.

तुमच्या शहरातल्या गप्पा बरोबर आहेत, पण आमच्या बाया दिवसभर खुरपायला जातात, ऊसतोडीला जातात. त्यांना "चालायला जा" म्हटलं की हसतात. माझ्यासमोर एक मावशी म्हणाली, "आगं बाय, बसायला कधी मिळंल ते इचार त्या डाक्टरला." आणि तिचं बीपी १७० होतं. म्हणजे राबल्याने बीपी होत नाही हा समज खोटा. राबणं निराळं, व्यायाम निराळा. राबताना बाईच्या हातात काही नसतं, उन्हात पाणी पिणं नसतं, थांबणं नसतं.

त्यांच्यासाठी माझ्या अनुभवात तीन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली मिश्री. इथे बाया सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात, तंबाखूच ती, लावली की बीपी चढतं. चुळा भरून लगेच मशीनपुढे बसतात आणि मग आकडा बघून घाबरतात. दुसरी गोळी. आमचा जिल्हा उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या उपक्रमात आल्यापासून गोळ्या महिन्याच्या एकदम मिळतात, पण "बरं वाटतंय" म्हणून चार दिवस घेतात आणि पुडा फडताळात. तिसरं, दुपारी अर्धा तास पाठ टेकणं. हे तिसरं सगळ्यात अवघड, सासूसमोर सून आडवी होत नाही. मी आता सासूलाच सांगते, डॉक्टरांनी लिहून दिलंय.

डॉ_निवांत

माणदेशी_लेक, तुमच्या प्रतिसादाला दंडवत. मिश्रीबद्दल ओपीडीत विचारायचं राहूनच जातं, पेशंट स्वतःहून सांगत नाही कारण तिच्या लेखी ते व्यसन नसतंच.

आकड्यांत सांगायचं तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या साधारण २१ टक्के स्त्रियांचं बीपी वाढलेलं किंवा औषधावर असलेलं आढळलं. पुरुषांत २४. म्हणजे "बीपी हा साहेबांचा आजार" हे डोक्यातून काढा. पाळी थांबल्यावर बायकांचा आलेख झपाट्याने चढतो आणि म्हातारपणी पुरुषांच्या पुढे जातो. बाळंतपणात ज्यांचं बीपी वाढलं होतं, त्यांनी तर ते फाइलमध्ये ठळक लिहून ठेवावं. बाळ झालं, बीपी उतरलं, विषय संपला असं समजतात. संपत नाही, पुढे बीपी मागे लागण्याची शक्यता कितीतरी वाढलेली असते.

निसर्गस्नेही

एकदा गोळी सुरू झाली की आयुष्यभर पिच्छा सोडत नाही. कंपन्यांचा धंदा आहे. चालणं, लसूण आणि दुधीचा रस सुरू करा, महिन्यात गोळी फेकून द्याल.

मोगरा_आणि_मिरची

आला लसूण. जाईताई, तुम्ही भाकीत केलंच होतं.

डॉ_निवांत

निसर्गस्नेही, चालणं सुरू करा याला दोन्ही हात वर. "गोळी फेका" याला सक्त विरोध. व्यायामाने, वजन उतरल्याने डोस कमी होतो, काहींची गोळी सुटतेही, पण ती डॉक्टर पायरीपायरीने उतरवतात. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर बीपी उलट उसळून वर जातं. आणि दुधीचा रस कडू लागला तर एक घोटही पुढे घेऊ नका, कडू दुधीने माणसं दगावलेली आहेत.

रविवारची_भाजी

मला मेटोप्रोलोल चालू आहे. लेकाने हौसेने घड्याळ दिलं, ते सारखं सांगतं "तुमची गती अपुरी". घामाने निथळते तरी ठोके शंभरच्या वर जात नाहीत. माझं काही बिघडलंय का?

फिजिओ_पुण्याची

बिघडलेलं नाही, गोळी तिचं काम करतेय. मेटोप्रोलोल, अटेनोलोल, बिसोप्रोलोल या जातीच्या गोळ्या ठोके वाढू देत नाहीत. जास्तीत जास्त ठोक्यांचं "२२० वजा वय" हे गणित तुमच्यासाठी नाही. घड्याळाला वेळ बघायला ठेवा आणि वर सांगितलेली बोलण्या-गाण्याची खूण वापरा.

अम्लोडिपिनवाल्यांसाठीही: संध्याकाळी घोटे सुजणं हा त्या गोळीचा परिणाम असू शकतो, बायकांत जास्त दिसतो. "चालले म्हणून सुजले" असं समजून चालणं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि सगळ्यांनाच, चालून झाल्यावर फटकन थांबून बाकावर बसू नका. शेवटची पाच-सात मिनिटं वेग उतरवत आणा. पायातल्या शिरा सैलावलेल्या असतात, वरून बीपीची गोळी, एकदम थांबलं की रक्त खालीच राहतं आणि भोवळ येते.

नाव_नको_आयडी

कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. नवीन आयडी खास यासाठी काढला.

मला बीपीसाठी लघवीची गोळी आहे. शिवाय दोन बाळंतपणं, त्यामुळे जोरात चाललं, शिंक आली, उडी मारली की गळतं. तळ्याभोवतीच्या एका फेरीला वीस मिनिटं लागतात, आणि तिथलं शौचालय सकाळी साडेसातपर्यंत कुलूपबंद. पुरुष भिंत बघतात. मी काय बघू? डॉक्टर विचारतात "वॉक का बंद केला?" आणि मी "वेळ नाही मिळत" म्हणते. मैत्रिणींशी विषय निघाला तेव्हा कळलं, पाचातल्या तिघी याच कारणासाठी घरी बसल्यात. एक तर निघायच्या आधी पाणीच पीत नाही.

थोडं_थांबा

तुला मिठी. माझंही हेच.

कोथरूडची_कावळी

बागेला निधी येतो, कारंजं होतं, सेल्फी पॉइंट होतो. शौचालयाची किल्ली मात्र माळीकाकांकडे आणि माळीकाका गावाला. आमच्या वॉर्डात आम्ही बारा जणींनी सह्या करून अर्ज दिला, आता सहाला उघडतं. अर्ज एकटीने देऊ नका, घोळक्याने जा.

फिजिओ_पुण्याची

नाव_नको, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद तुमचा.

पाणी न पिता चालणं सोडा, विशेषतः लघवीच्या गोळीवर असताना आणि उन्हाळ्यात. गोळीची वेळ डॉक्टरांशी बोलून बदलता येते, चालून आल्यावर घेतली तर पहिले काही तास तुम्ही घरी असता. आपल्या मनाने मात्र नको, रात्रीवर ढकललीत तर झोपेचं खोबरं.

गळण्यावर उपाय आहे आणि तो ऑपरेशन नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू असतात. लघवी रोखताना किंवा चारचौघांत वायू अडवताना जे आवळतो, तेच. पाच सेकंद आवळा, पाच सेकंद सोडा, असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास चालू, पोट आणि कुल्ले ढिले. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करू नका. दोन-तीन महिने चिकाटी लागते. हे शिकवणाऱ्या फिजिओ आता बऱ्याच शहरांत आहेत, एकदा जाऊन नीट शिका, कारण निम्म्या जणी चुकीचे स्नायू आवळतात. तोवर उड्या नकोत, सायकल किंवा पोहणं बघा, आणि पॅड लावून चालायला लाज कसली?

अंगणातली_जाई

किती लिहिलंत सगळ्यांनी! मशीन खरंच कपाटात ठेवलं, किल्ली नवऱ्याकडे. वजनांचं कुणी सांगा ना. आणि माझे गुडघे कुरकुरतात. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून गोळी आणते अधूनमधून, तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

डॉ_निवांत

थांबा! कुठली गोळी? डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक यातलं काही असेल तर तुमच्या अर्धवट खाली आलेल्या बीपीचं एक कारण तिथेच बसलंय. या वेदनाशामकांनी शरीरात मीठ-पाणी साठतं, बीपी वाढतं, टेल्मिसार्टनचा जोर कमी होतो आणि दोन्ही मिळून मूत्रपिंडावर ताण. बायकांचे गुडघे आणि बायकांचं बीपी एकाच वयात सुरू होतात, म्हणून ही जोडी घरोघरी दिसते. तुमच्या डॉक्टरांना गोळीचं पाकीट नेऊन दाखवा.

फिजिओ_पुण्याची

आता वजनं. "अजिबात नको" हे जुनं झालं. बीपी आटोक्यात असेल तर हलकी वजनं, जास्त वेळा, ही पद्धत चालते आणि हवीच, कारण पाळीनंतर स्नायू आणि हाडं दोन्ही झिजतात. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघाही कमी कुरकुरतो. पाण्याची लिटरची बाटली, दळणाची छोटी पिशवी, रबरी पट्टा, काहीही चालेल. एकच नियम डोक्यात पक्का करा: श्वास कोंडायचा नाही. दात-ओठ खाऊन श्वास रोखला की त्या क्षणी बीपी भसकन चढतं. उचलताना श्वास सोडा. आकडे मोठ्याने म्हणा, म्हणजे कोंडताच येणार नाही. गॅसचा सिलिंडर सरकवतानाही हेच.

एडिसनकर

भिंतीला पाठ लावून बसायच्या व्यायामाबद्दल काय मत आहे? २०२३ मध्ये २७० चाचण्यांचा एकत्र आढावा आला होता, त्यात हालचाल न करता स्नायू आवळून धरायचे व्यायाम बीपीसाठी सगळ्यात पुढे होते, वरचा आकडा सरासरी ८ नी खाली. इथे हिवाळ्यात उणे तापमानात बायको बाहेर पडत नाही, मॉलमध्ये फेऱ्या मारून कंटाळली. ती हेच करते. भिंतीला पाठ, खुर्चीत बसल्यासारखी, दोन मिनिटं. मग दोन मिनिटं विश्रांती. असं चार वेळा, आठवड्यात तीन दिवस.

फिजिओ_पुण्याची

चांगला व्यायाम, पण मैत्रिणींनो, उद्या सकाळी उठून दोन मिनिटं बसायला जाऊ नका. मांड्या पेटतात. गुडघेवालींनी थोडंसंच खाली सरकायचं, वीस-तीस सेकंद, आणि महिनाभरात वाढवत न्यायचं. धरून ठेवताना बीपी तेवढ्यापुरतं वाढतं, म्हणून ज्यांचं अजून आटोक्यातच आलेलं नाही त्यांनी हा आत्ता करू नये. आणि याच्या जोडीला चालणं हवंच. बीपीसाठी भिंत पुढे असेल, पण दम, साखर, मूड यासाठी चालण्याला तोड नाही.

तुळशीबागवाली

योगाचं काय? क्लासमध्ये कपालभाती जोरात करून घेतात आणि शीर्षासनाचा आग्रह असतो.

फिजिओ_पुण्याची

बीपी असताना जोरदार कपालभाती, भस्त्रिका, दीर्घ कुंभक (श्वास रोखून धरणं) नको. शीर्षासन, सर्वांगासन ही डोकं खाली जाणारी आसनंही नकोत, निदान आटोक्यात येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत. शिक्षकांना पहिल्याच दिवशी बीपी आहे हे सांगा. नुसता सावकाश श्वास, मिनिटाला सहाच्या आसपास, सोडणं घेण्यापेक्षा लांब, रोज दहा मिनिटं. एवढ्यानेही फरक पडतो. सूर्यनमस्कार सावकाश, थांबून थांबून.

रोखठोक

माझ्या मंडळींचं बीपी आहे म्हणून हा धागा वाचत होतो. सकाळी त्यांना म्हटलं, चल टेकडीवर जाऊ. म्हणाल्या, "डबे कोण करणार?" यावर मला उत्तर सुचलं नाही. तर पोळ्या करता येत नाहीत, पण भाजी चिरणं आणि कुकर लावणं माझ्याकडे घेतलंय.

मोगरा_आणि_मिरची

काका!! मिक्सर बंद करायला निघाला होतात ना? :D

गणिताच्या_बाई

जाईताई, तुमचा शेवटचा प्रश्न सगळे विसरले. "आकडा सुधारलाय, मी नाही सुधारले."

मी ६७, नाशिक, बीपी गेली पंधरा वर्षं. आकड्याच्या मागे लागले होते तेव्हा व्यायामही परीक्षेसारखा केला. चालून आले, मोजलं, दोनच नी उतरलं, चिडले, आठवडाभर गेले नाही. मग ज्या व्यायाम केंद्रात जायचे तिथल्या मुलीने मला प्रश्नांचा कागद दिला. २६ प्रश्न. झोप कशी आहे, रोजची कामं करायला ताकद पुरते का, स्वतःवर खूश आहात का, पैसे पुरतात का, माणसांशी संबंध कसे आहेत. बीपीचा आकडा त्यात कुठेच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेची ती जीवनमानाची प्रश्नावली. पहिल्यांदा भरली तेव्हा मला चौथीतल्या ढ मुलासारखे गुण पडले.

काही महिन्यांनी पुन्हा भरून घेतली. बीपी तोवर थोडंच उतरलं होतं. पण झोपेचा रकाना बदलला होता. आता स्टेशनचा पूल मध्ये न थांबता चढते. नातीला कडेवर घेऊन पहिला मजला जमतो. आणि चालायच्या ग्रुपमध्ये चार जणी मिळाल्या, ज्यांना माझा आजार माहीत आहे पण त्या तो विचारत नाहीत. भाजीचे भाव आणि सुनांच्या तक्रारी यातच वेळ जातो. माझ्या मते निम्मं काम त्या गप्पांनी केलं.

एकटीने ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालणं मला कधी टिकवता आलं नाही. ज्यांना टिकतं त्यांनी जरूर करावं.

फिजिओ_पुण्याची

बाई, अगदी. बीपीच्या बायकांवरच्या व्यायामाच्या चाचण्यांत आकड्यांबरोबर हल्ली जीवनमानही मोजतात ते याचसाठी. ताकद, उत्साह, रोजच्या कामातली सहजता हे बहुतेकदा सुधारतं. बीपी किती उतरेल हे माणसागणिक बदलतं, काहींचं फार कमी उतरतं. त्यांनी व्यायाम फुकट गेला असं समजू नये.

डॉ_निवांत

लाल कंदील लिहून ठेवतो, कारण पुढे कुणी शोधत येईल. बसून मोजलेलं बीपी १८०/११० किंवा वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. चालताना छातीत दाब, जबडा-पाठ-हात दुखणं, न झेपणारा दम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. बायकांत हृदयाचा त्रास बऱ्याचदा छातीत कळ न येता मळमळ, घाम, कधी नव्हे असा थकवा असा येतो. "अॅसिडिटी असेल" म्हणून सोडा पिऊन झोपू नका, सोड्यातही सोडियमच. आणि एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली तर मिनिटही न दवडता मोठं हॉस्पिटल, किंवा १०८.

अंगणातली_जाई

वेदनाशामक दाखवली डॉक्टरांना. बंद केली, दुसरी दिली. उद्यापासून ऑफिसमधून येताना रिक्षा न करता स्टेशन ते घर चालणार. प्रश्नांचा तो कागदही शोधते.

तुळशीबागवाली

शेवटचा प्रश्न. नवरात्र तोंडावर आलंय. मैत्रिणी भोंडल्याला आणि गरब्याला ओढतायत. बीपी १३० च्या आत आहे. जाऊ का?

फिजिओ_पुण्याची

जा की! भोंडल्याला कुणाची परवानगी लागते? तिथे तर गाणं म्हणत फेर धरायचा, दम आपोआप बेताचा राहतो. गरबा मात्र तासभर सलग असतो, तर पहिलं गाणं संथ, मध्ये बसायचं, पाणी प्यायचं, भिरक्या जपून. गर्दीत कुणी ओढलं तर सरळ सांगा. नऊ दिवस उपवास असेल तरी गोळी रोजच्या वेळेला घ्यायची, पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने उपवास मोडत नाही. फक्त रिकाम्या पोटी नाचू नका, आणि वेफर्स, खारे दाणे, मीठ शिंपडलेलं काकडीचं ताट यावर लक्ष असू द्या.

तुळशीबागवाली

घागरा शिवायला टाकलाय.